आजीची चूल

मुलांनो, परवा चौथीच्या वर्गात विचारलं, "परदेशातून आपल्याकडे सगळ्यांत जास्त माल कुठून येतो?"

"चीन!" वर्ग ओरडला. बरोबरच होतं.

"आता उलटं. आपल्या मालावर चालणारा शेजारी कोण?" कुणालाच येईना. मग मीच ऐटीत सांगितलं, "नेपाळ! त्यांच्या आयातीतला निम्म्याहून जास्त माल आपला. पेट्रोल, गॅससुद्धा."

आमच्या वर्गात नेपाळी वॉचमनकाकांची मुलगी आहे. ती उठली. "बाई, आजी सांगते, भूकंप झाला त्याच वर्षी गॅस येईनासा झाला. ती चुलीवर भात करायची."

२०१५ साल ते. नव्या राज्यघटनेवरून तराईत आंदोलन पेटलं आणि सीमेवर ट्रक कित्येक महिने अडकले. मी तसं सांगितलं.

"पण बाई, आपण का नाही पाठवला?" पुढच्या बाकावरून प्रश्न आला.

मला पटकन उत्तर देता आलं नाही.