बेत ओसाकाचा

आमचे चिरंजीव गेली तीन वर्षे जपानात ओसाका शहरी नोकरीला आहेत. दर रविवारी फोनवर "बाबा, आईला घेऊन या" म्हणतात आणि आम्ही "बघू" म्हणतो. कोकणात "बघू" या शब्दाचा अर्थ काय, हे वाचकांना सांगायला नको. पण यंदा त्यांनी व्हिसाचे कागदच धाडले आणि आमची पंचाईत झाली. त्या कागदांत एक तक्ता असतो. कोणत्या तारखेला कोठे जाणार, काय करणार, मुक्काम कोठे, हे दिवसवार लिहून द्यावे लागते. चौतीस वर्षांच्या संसारात मी उद्याचा बेतही कधी लिहून ठेवलेला नाही. येथे एकदम दहा दिवसांचा! तेव्हापासून रोज रात्री जेवणे आटोपली की आमच्या कणकवलीच्या घरच्या पडवीत ओसाका शहर मांडले जाते.

पहिला वाद तारखेचा. मार्चअखेर तेथे साकुरा फुलतो, म्हणून सारे जग तेव्हा जाते. पण मार्चअखेर आमच्याकडे काजू असतो, पाठोपाठ आंबा, मग कोकमे सुकवणे. सौ.ने साकुऱ्याला साफ नकार दिला. शेवटी भातकापणी आटोपून, तुळशीचे लग्न लावून निघायचे ठरले. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात तेथील मेपलची पाने लाल होतात. शहराच्या उत्तरेला मिनो नावाचे डोंगराळ उद्यान आहे, 33 मीटरांचा धबधबा आहे, आणि तेथे हीच पाने पिठात बुडवून तळून विकतात. "म्हणजे भजीच की!" सौ. म्हणाली आणि मिनोचा दिवस पक्का झाला.

प्रेक्षणीय स्थळांचे फारसे जड गेले नाही. तोयोतोमी हिदेयोशीने 1583 साली बांधायला घेतलेला किल्ला पाहायचा. मात्र आजचा मनोरा 1931 साली काँक्रीटमध्ये उभारलेला आहे. सिंधुदुर्गाच्या तटावर चढलेल्या मला हे जरा खटकले. पण आत लिफ्ट आहे हे कळताच सौ.च्या गुडघ्यांनी किल्ल्याच्या बाजूने मत दिले. 593 साली स्थापन झालेले शितेन्नोजी हे बौद्ध मंदिर. एक दिवस नारा येथील महाबुद्धासाठी. त्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी 752 साली बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने केला होता. तो काही विमानाने गेला नव्हता. आम्ही मुंबईपर्यंत कोकण रेल्वेने जायचे म्हणूनच दमतो आहोत.

खरा रंग चढला तो जेवणाच्या रकान्यात. ओसाकाला जुन्या काळापासून देशाचे स्वयंपाकघर म्हणतात. देशभरचा तांदूळ तेथे येई. दोजिमाच्या बाजारात पुढच्या तारखांचे तांदळाचे सौदे 1730 सालीच सरकारमान्य झाले होते. खाण्यापायी दिवाळे काढावे ते ओसाकाकरांनी, अशी तेथे म्हणच आहे. चिरंजीवांनी फोटो धाडले. ताकोयाकी नावाचा पदार्थ पाहून सौ.ने चष्मा पुसला. पीठ गोल खळग्यांच्या बिडाच्या तव्यात ओतायचे, आत ऑक्टोपसचा तुकडा घालायचा, काडीने उलटायचे. "ह्यां तर आमचा आप्पेपात्र!" ओकोनोमियाकी म्हणजे कोबी घातलेले जाड घावन. त्यांच्या आमटीचा पाया कात्सुओबुशी, म्हणजे धुरावून कडक वाळवलेला मासा. सुकटीवर वाढलेल्या घराला ते परके वाटेना. बात्तेरा म्हणजे शिरक्यात मुरवलेला बांगड्याच्या जातीचा मासा भातावर ठेवून लाकडी पेटीत दाबायचा. येथे मात्र उत्साह ओसरला. "शिजवणत नाय? मांजराक घाला."

भाषेची काळजी नाही. पुष्कळ खानावळींच्या दर्शनी कपाटात पदार्थांच्या हुबेहूब नकला मांडलेल्या असतात, बोट दाखवायचे. तेइशोकु म्हणून जे मिळते ते आपले राइसप्लेटच. भात, आमटी, लोणचे आणि भाजलेला मासा, सारे एका तबकात एकदम समोर येते.

हा तक्ता जवळजवळ भरत आला तेव्हा चिरंजीवांची सूचना आली : पाचवा दिवस, घरी आईच्या हातचे मालवणी जेवण, मित्र बारा. मसाला, तिरफळे, कोकमे सोबत आणावीत.

मी ती ओळ मोठ्याने वाचली आणि लिहूही लागलो. सौ. सुपारी कातरत होती. कातरणे थांबले.

"माका एकदा बसान जेवूचा आसा," ती म्हणाली. "वाढणारो दुसरो, जेवणारी मी. गरम असताना. थंय येवनसुद्धा बारा जणांचा सांबाराच ढवळूचा, तर मी हयच बरी."

चौतीस वर्षे मी तिच्या हातची गरम भाकरी खाल्ली. ती स्वतः कधी गरम खाते का, हे मला त्या रात्री आठवून पाहावे लागले आणि आठवले नाही. मी खोडरबर घेतले.

चिरंजीवांना फोन केला. ते म्हणाले, "बाबा, मी सगळ्यांना सांगून बसलोय."

"मग तूच कर. आईला विचार, ती सांगेल."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्यांनी तिरफळांचे प्रमाण विचारले. सौ.ने सांगितले, आणि बी काढून टाकायला बजावले. बोलता बोलता चिरंजीव म्हणाले, तिकडे भाजलेल्या वाम माशावर सान्शो नावाची पूड भुरभुरवतात, ती तिरफळाच्याच कुळातली.

"खंय मिळता तां?" सौ.ने फोन माझ्या हातून घेतला.

पाचव्या दिवसाच्या रकान्यात आता असे लिहिले आहे : दुपारी वाम माशाचे जेवण, माणसे तीन. संध्याकाळी चिरंजीवांकडे मालवणी जेवण, माणसे पंधरा. त्यापुढे पेन्सिलीने, सौ.च्या अक्षरात : "मी पाट सोडूचंय नाय."