कंपनीची धार

आमच्याकडे धारेची वस्तू बिनधारेचीच विकत घ्यायची पद्धत आहे. लातूरच्या गंजगोलाईतून आणलेला विळा असो, औशाच्या बाजारातलं खुरपं असो की कुऱ्हाड, आणल्या आणल्या ती कामाला लागत नाही. लोहारानं आकार द्यायचा, पाणी द्यायचं. धार लावायची ती घेणाऱ्यानं, आपल्या हाताच्या वळणानं आणि कामाचा बेत बघून. सोयाबीन काढायचा विळा वेगळा पाजवतात, कडबा तोडायचा वेगळा. त्यामुळे खोक्यातून काढलेला चाकू तिथल्या तिथं हातावरचे केस उतरवतो, ही गोष्ट माझ्या पिढीला फार उशिरा कळली. कळल्यावर मात्र तिनं मला सोडलं नाही. जपानातल्या सेकीत किंवा अमेरिकेतल्या कोलोराडोत बसलेला कुणी कारागीर माझ्या वतीनं धार ठरवतो आणि मी ती पारखायची, याचं मला अजून नवल वाटतं.

पारखायला शिकलो ते आजोबांकडून, आणि त्यांनी तरी घिसाड्यांकडूनच उचललेलं असणार. पेरणीच्या तोंडावर गावाबाहेर घिसाड्यांच्या गाड्या सुटायच्या, पालं पडायची. पुरुष सांडशीत लोखंड धरून बसायचा आणि समोर उभी राहून बाई घण घालायची. एवढा जड घण इतक्या अचूक जागी पडताना मी नंतर कुठल्याही कारखान्यात पाहिला नाही. ट्रकच्या कमानपाट्याचं लोखंड त्यांना आवडायचं, कारण त्यात पाणी धरण्याइतका कार्बन असतो. लाल तापलेलं पातं पाण्यात बुडवलं की कडक होतं, पण तेवढ्यावर सोडलं तर दगडाला लागून तुकडा उडतो. म्हणून ते घासून उजळ करायचं, परत मंद धगीवर धरायचं आणि त्याच्या अंगावरून सरकणारा रंग बघत राहायचं. आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. विळ्याला कुठल्या रंगावर थांबायचं आणि कुऱ्हाडीला कुठल्या, हे घिसाडी डोळ्यानं ठरवायचा. निळ्याच्या पुढं गेलं की म्हणायचा, पाणी उतरलं. मग पुन्हा पहिल्यापासून.

मी नव्या विळ्याचं चकचकीत पातं निरखत बसलो की आजोबा विचारायचे, "चमक बघालास का धार?" धार बघायची म्हणजे पातं कंदिलाकडं करून काठ थेट डोळ्यासमोर धरायचा. बोथट काठाला बारीक का होईना, सपाटी असते. तिच्यावर उजेड पडतो आणि पांढरी रेघ दिसते. खऱ्या धारेवर उजेडाला थांबायला जागाच नसते, तिथं काही दिसत नाही. मग अंगठ्याचं नख. काठ नखावर तिरपा, अगदी हलका टेकवायचा. घसरला तर धार नाही, जागेवर बसला तर आहे. अंगठा फिरवायचा तो काठाला आडवा, कधीच काठाच्या लांबीनं नाही. या परीक्षांना पैसा लागत नाही, आणि आजही मी कुठलाही चाकू हातात आला की याच क्रमानं जातो.

घडीचं पातं मी पहिल्यांदा पाहिलं ते तात्यांच्या पेटीत. तात्या म्हणजे गावचे न्हावी. त्यांचा वस्तरा जर्मनीच्या सोलिंगेन शहरातला होता. त्या काळी आपल्याकडच्या न्हाव्यांमध्ये त्या नावाला फार मान होता आणि तो उगाच नव्हता. सोलिंगेन हे नाव त्या भागात बनलेल्या मालावरच घालता येईल, असा कायदा जर्मनीनं १९३८ साली केला होता. एवढ्या नावाजलेल्या गावचा वस्तरा, पण तात्या तो तसाच कुणाच्या गालाला लावत नसत. नवा वस्तरा आधी पथरीवर, मग चामड्याच्या पट्ट्यावर, मग स्वतःच्या मनगटावरच्या केसांवर. समाधान झालं नाही तर पुन्हा पथरी. "कंपनीनं पातं दिलंय, दाढी मला करायचीय," असं ते म्हणायचे. पुढं एड्सची भीती गावोगाव पोचली, अर्ध्या ब्लेडचे वस्तरे आले आणि ती पथरी पेटीच्या तळाशी गेली. धार पारखणारी एक अख्खी पिढी त्या बदलात कामावरून उतरली. बदल गरजेचाच होता, तरी मला ते नुकसान वाटतं.

नांदेड-लातूर रस्त्यावर लोहा तालुक्यात मालेगाव आहे. तिथली खंडोबाची यात्रा घोड्यांसाठी प्रसिद्ध. माझा पहिला घडीचा चाकू तिथला. पितळी मुठीचा, पाठीला कमान असलेला. उघडला की कट्कन आवाज यायचा आणि त्या आवाजासाठीच तो घेतला होता, हे कबूल करायला हरकत नाही. त्या चाकूनं एक गोष्ट शिकवली. घडीच्या चाकूत धार नुसत्या काठात नसते, ती खिळ्यातही असते. पातं खिळ्यावर किंचित जरी डुगडुगलं, तरी काठ जिथं टेकवला तिथं राहत नाही, कापताना वळतो, आणि मग कितीही पाजवा, हाताला ती धार बोथटच वाटते. रामपूरच्या जुन्या चाकूंचा जो लौकिक होता, त्यात धारेइतकाच या खिळ्याच्या आणि कमानीच्या कामाचा वाटा होता. तिथली लांब पाती पुढं कायद्यात अडकली. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याला, ते घरकामाचं किंवा शेतीचं नसेल तर, आपल्याकडं परवाना लागतो.

नांदेडला राहायला गेल्यावर रोजची वाट गुरुद्वाऱ्याच्या बाजूनं होती. सचखंड श्री हजूर साहिब, गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये जिथं देह ठेवला ती जागा. आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात उभी केली. भोवतालच्या गल्ल्यांमध्ये कृपाणांची दुकानं ओळीनं आहेत. आरशासारखी पाती, नक्षीच्या मुठी, मखमली म्यानं. मी सवयीनं एक उचललं आणि काठ उजेडाकडं केला. रुंद, स्वच्छ पांढरी रेघ. धार नव्हतीच, ती तिथं अपेक्षितही नव्हती. कृपाण बाळगणं हा शीख धर्माचरणाचा भाग आहे, हे आपल्या घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदातच लिहिलेलं आहे. त्या पात्याचं काम टोमॅटो कापण्याचं नाही. दिवाळीच्या सुमारास गोदावरीचं पाणी आणून तख्तस्नान होतं, गुरूंची शस्त्रं उजळली जातात. तेव्हा चमक हीच सेवा असते, आणि आजोबांचा प्रश्न त्या अंगणात लागू पडत नाही.

पण याच शहरात शिकलगार शिखांची घरं आहेत. शस्त्रं घडवणं आणि उजळणं हा त्यांचा पिढीजात धंदा. त्यातल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडं मी बरेचदा जाऊन बसायचो. कुरुंदाची भुकटी लावलेल्या चाकावर तो पातं धरायचा आणि दर दोन-चार फेऱ्यांनी उघड्या बोटानं काठ चाचपायचा. गरम लागला की लगेच पाण्यात. मी विचारलं, एवढ्या वेळा कशाला बुडवता? तो म्हणाला, "काठ कागदापेक्षा पातळ असतो. पाठ गार असली तरी काठ जळून गेलेला असतो. डोळ्याला दिसत नाही, आठ दिवसांनी कापताना दिसतं." कारखान्यातल्या धारेबद्दल मला पुढं जे जे वाचायला मिळालं, त्याचं मूळ या एका वाक्यात होतं.

कारण महागडे चाकूसुद्धा शेवटची धार घेतात ती बहुतेक वेळा फिरत्या पट्ट्यावरच, आणि पुष्कळदा माणसाच्या हातानं. माझा भाचा डेन्व्हरकडं नोकरीला आहे. त्याला माझी आवड माहीत, त्यामुळे सुट्टीला येताना बॅगेत एखादा घडीचा चाकू असतोच. आता माझ्याकडं चांगल्या चांगल्या घरचे चाकू आहेत. त्यांपैकी एकाची हकीकत सांगतो, नाव नको. किंमत अशी की तेवढ्यात चांगली शेळी येईल. मूठ हलक्या धातूची, पातं खिळ्यावर केसभर हलत नाही, उघडताना लोण्यातून आल्यागत येतं. भाच्यानं वर्तमानपत्राचा कागद धरला आणि चाकूनं तो आवाज न करता चिरला. हातावरचे केसही उडाले. "बघा मामा, कंपनीची धार."

मी ते पातं घेऊन ट्यूबलाइटखाली बसलो. मधल्या भागात काही दिसत नव्हतं, म्हणजे उत्तम. टोकाकडं धारेचा उतार एकदम रुंद झालेला. पट्ट्यावर टोक फिरवताना कामगाराचा हात वर उचलला गेला की असं होतं. बुडाशी, खिळ्याच्या जवळ, बोटाच्या पेराएवढी जागा पट्ट्याला लागलीच नव्हती. तिथं पांढरी रेघ. मग कापसाचा पेळू घेतला आणि काठावरून हलकेच ओढला. नांदेडकडं घरात कापूस असतोच. चांगल्या धारेवरून तो सरकतो, आणि जिथं धातूची बारीक कोर उलटी वळून राहिलेली असते तिथं तंतू अडकतात. या चाकूवर एका बाजूनं सरकला, दुसऱ्या बाजूनं जागोजागी अडकला. म्हणजे केस उडवत होती ती खरी धार नव्हती. ती पट्ट्यानं सोडलेली कोर होती. तिला मान असते पहिल्या दिवसापुरता.

ते मी भाच्याला सुतळीवर दाखवलं. लातूरच्या आडतीत पोत्यांची तोंडं शिवलेली सुतळी असते. वापरलेली, मातीनं भरलेली. केस आणि कागद धारेची खुशामत करतात. ही सुतळी करत नाही. तिच्यात चिवट धागा आहे आणि धाग्यात अडकलेली वाळू आहे. चाकूनं सुरुवातीला एका ओढीत सुतळी तोडली, थोड्या वेळानं दोन ओढी लागल्या, मग करवतीसारखं मागं-पुढं करावं लागलं. नखावर काठ घसरायला लागला.

गंमत अशी की इंग्लंडात शेफील्डला सुऱ्या-चाकूंची एक संशोधन संस्था आहे आणि तिच्या यंत्रात हेच होतं. पातं काठ वर करून बसवतात आणि त्यावर कागदी पट्ट्यांचा गठ्ठा ठरावीक वजनानं दाबून मागं-पुढं नेतात. त्या कागदात मुद्दाम ५ टक्के सिलिका, म्हणजे वाळूच, मिसळलेली असते. पहिल्या ३ फेऱ्यांत किती कागद कापला, ही सुरुवातीची धार. ६० फेऱ्यांची बेरीज, हा तिचा टिकाव. दोन्ही आकडे वेगळे मांडतात. जगातल्या सुऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानक या यंत्रावर बेतलेलं आहे. आडतीतला हमाल हे मानक न वाचता सुतळीवर रोज पाळत आला आहे.

भाच्याचं म्हणणं होतं, एवढं बारीक कोण बघतं? धार गेली तर परत लावता येते की. इथं माझा त्याच्याशी खरा मतभेद आहे. आजोबांचा विळा कुठल्याही दगडावर लागायचा. आजचं भारी पोलाद तसं नाही. अमेरिकेत २००१ च्या सुमारास चाकूंसाठीच म्हणून काढलेलं एस-३०-व्ही घ्या. त्यात कार्बन जवळजवळ दीड टक्का आणि व्हॅनेडियम ४ टक्के. या दोघांचे जे कण पोलादात तयार होतात ते आपल्या नेहमीच्या धार लावायच्या दगडापेक्षा कठीण असतात. दगड झिजतो, कण तसेच राहतात. त्याला हिऱ्याची पूड बसवलेली पट्टी लागते. म्हणजे ज्या चाकूची धार घेणाऱ्याला घरी सहज लावता येत नाही, त्याच चाकूच्या धारेत कंपनीनं घाई करायची? विळा बिनधारेचा विकणारा लोहार प्रामाणिक आहे. तो सांगतो की एवढं काम माझं, पुढचं तुझं. कंपनीला मात्र मी म्हणेन, धार लावून दिली असं म्हणून पैसे घेतलेस, तर बुडापासून टोकापर्यंत ती तुझी जबाबदारी आहे. पट्टा हळू फिरव, पाणी वापर, शेवटची कोर चामड्यावर काढून टाक. त्याला फार वेळ लागत नाही. ज्या कंपन्या हे करतात त्यांचे चाकूही माझ्याकडं आहेत, आणि ते हातात घेतले की कुणीतरी शेवटपर्यंत लक्ष दिलंय हे काठावर कळतं.

गेल्या सुगीत भाच्यानं आणलेला तो चाकू खिशात घेऊन शेतावर गेलो. दुपारी सोयाबीन काढणाऱ्या बाया बांधावर बसून विळे पाजवत होत्या. त्यांच्यातल्या सगळ्यात थोरल्या मावशींनी चाकू मागून घेतला. अंगठा आडवा फिरवला, पेंढीची दोरी तोडून बघितली, मग आपल्या दगडावर दोन हात मारले आणि पुन्हा अंगठा.

"लोखंड चांगलं हाय, पर हे ह्या दगडाला दाद देईना. ह्याला घासावं कशावर?"

मी पिशवीतून हिऱ्याची पट्टी काढून दिली. त्यांनी पाणी शिंपडलं, पातं तिरपं धरलं आणि कुणी न सांगता सुरुवात केली ती बुडापासून, जिथं पट्टा लागलाच नव्हता तिथून. चार हात एका बाजूनं, चार दुसऱ्या. मधेच थांबून काठ उन्हाकडं केला.

"अजून लागंना बुडाला," त्या म्हणाल्या, "जरा बसा."