भरलेली मशक

आम्ही दोघं रागीट नाही, असं सगळे सांगतात. "इतकं ऐकून घेतलं, पण चकार शब्द काढला नाही," ही आमची ख्याती. तिच्यावर आमचाही विश्वास होता, २००३ च्या उन्हाळ्यापर्यंत.

नोकरीच्या निमित्ताने आम्ही सोलापूरहून पुण्यात आलो होतो. अम्मी आणि पाच वर्षांच्या मुलासह नातेवाइकांच्या दोन खोल्यांत उतरलो होतो आणि रोज भाड्याचं घर शोधत होतो. फोनवर सगळं जुळून यायचं, नाव सांगितलं की फिसकटायचं. एके ठिकाणी नाव विचारायचं राहून गेलं आणि आम्ही थेट घर बघायला गेलो. घरमालकांनी चहा दिला. मग नाव विचारलं. "मुसलमान आहात होय! पण मराठी किती छान बोलता!" त्यानंतर त्यांना आठवलं की खोल्या भाच्यासाठी ठेवायच्या आहेत. "कोंढव्याकडे बघा ना, तुमच्या लोकांत तुम्हाला बरं पडेल," असंही अगदी आपुलकीने सांगितलं.

आम्ही कप खाली ठेवले, त्यांचे आभार मानले आणि निघालो. आभार मानले, हे अजून टोचतं.

बसमध्ये एकमेकांशी बोललो नाही. घरी पोचलो तर मुलगा आमच्यासाठी पाण्याचा पेला घेऊन धावत आला आणि तो पेला दारातच सांडला. आमच्यापैकी कोणाचा हात उठला, हे सांगण्यात अर्थ नाही. दुसऱ्याने तो धरला नाही. पोरगं रडलंही नाही, नुसतं बघत राहिलं. अम्मी जानमाजवरून उठल्या. "उस बच्चे ने क्या बिगाड्या तुमारा? पैले वजू करके आव, बाद में बात करेंगे."

त्या रात्री झोप लागली नाही. अब्बा आठवत राहिले. भारत-पाकिस्तान सामन्याच्या दुसऱ्या दिवशी कचेरीतले टोमणे ते हसून घ्यायचे आणि संध्याकाळी सालनात मीठ कमी म्हणून ताट भिरकावायचे. आम्ही त्याला त्यांचा स्वभाव समजत होतो.

'सब्र कर' हे ऐकत आपण वाढतो. पण सब्र म्हणजे गिळणं, असा अर्थ आपल्याला कोणी शिकवला कोण जाणे. सूरह आले-इमरानच्या १३४ व्या आयतीत राग आवरणाऱ्यांसाठी जो शब्द आला आहे, त्याच्या मुळाशी भरलेल्या मशकीचं तोंड बांधणं हा अर्थ आहे. अम्मींनी लहानपणी भिश्ती पाहिलेले. त्या म्हणाल्या, तोंड बांधलं म्हणून पाणी कुठे जातं? भिश्ती ते जिथे हवं तिथे नेऊन ओततो. आम्ही पिढ्यानपिढ्या नुसतं तोंड बांधत आलो होतो आणि मशक फुटायची ती घरात, सगळ्यात लहान माणसावर.

एका मित्राने सुचवलं, उशी बडवा, राग निघून जातो. तसं होत नाही. ब्रॅड बुशमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, राग आणणाऱ्या माणसाला आठवत बॅगेवर ठोसे मारणाऱ्यांचा राग उलट जास्त होता. त्यापेक्षा अम्मींचं बरं. हदीसमध्ये सांगितलंय की राग आला तर उभ्याने बसावं, तरी गेला नाही तर आडवं व्हावं. बसलेल्या माणसाचा हात लांब पोचत नाही, इतका साधा हिशेब. छाती धडधडत असते, श्वास उथळ झालेला असतो. वजूचं पाणी तोंडावर, कोपरापर्यंत घेता घेता दोन-चार मिनिटं जातात आणि शरीराला थोडी उसंत मिळते.

पण वजूने घर मिळत नाही. शरीर शांत झालं तरी अन्याय तिथेच असतो, आणि त्याच्यावरचा राग चुकीचा नव्हता. चुकीचा होता तो पत्ता. म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं की बाहेर जे झालं ते जिन्याखाली उभं राहून एकमेकांना बोलून दाखवायचं, मगच वर जायचं. पहिल्यांदा फार अवघड गेलं. अपमान झाला, हे नवराबायकोलाही एकमेकांजवळ कबूल करवत नाही.

पुढच्या नकाराच्या वेळी आम्ही बसूनच विचारलं, "आमच्या नावामुळे नाही म्हणताय का?" आवाज चढवला नव्हता, थोडा कापत मात्र होता. त्या गृहस्थांनी पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "सोसायटीतले लोक ऐकत नाहीत हो." घर मिळालं नाहीच. आभार मात्र आम्ही मानले नाहीत. त्या संध्याकाळी मुलाला घेऊन भेळ खायला गेलो.

त्याची माफी आम्ही आधीच मागितली होती. पाच वर्षांच्या पोराला माफी म्हणजे काय कळणार, असं वाटलं होतं, त्याने विचारलं, "पेला कोणी उचलला?" अम्मींनी उचलला होता.

आता तो कमावता आहे. आमच्याकडे जेवायला बसला की टेबलाच्या कडेचा पेला आधी मधोमध सरकवतो. का, ते आम्ही अजून विचारलेलं नाही.