पाळण्यातून पलंगावर

फौजी घरातलं मूल पाळण्यातून पलंगावर येतं, ते बहुधा बदलीच्या गडबडीत. आमची मुलगी तेजपूरला आली. मूल उभं राहिल्यावर कठडा त्याच्या छातीपर्यंतच येऊ लागला, किंवा उंची ३५ इंच झाली, की कठड्याची खाट बंद करावी. कठड्यावरून पडणं हे पलंगावरून पडण्यापेक्षा वाईट.

खरं काम त्यानंतर सुरू होतं. आता मूल रात्री स्वतः उतरू शकतं, म्हणजे सगळी खोलीच त्याचा पाळणा झाली. मी रांगत खोलीची रेकी केली. दोन फुटांवरून खोली वेगळीच दिसते: पंख्याची वायर, पडद्याची दोरी, खिडकीपाशी ट्रंकांची चळत, म्हणजे चढायला तयार जिनाच! ट्रंका हलवल्या, दोरी वर बांधली. कपाट भिंतीला पट्ट्यांनी जखडलं. मुलं ड्रॉवरवर पाय देऊन चढतात, आणि १८९७ व १९५०चे महाभूकंप सोसलेला हा आसाम आहे. गादी थेट जमिनीवर घातली, भिंतीशी फट न ठेवता. मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचली. इथल्या दमटपणामुळे गादी रोज सकाळी उभी करायची.

पुढच्या महिन्यात मी तवांगकडे जाणार होतो. तिथून रात्री फोन लागेलच असं नाही. बायकोला एकटीने निर्धास्त झोपता यावं, यासाठी ही सारी खटपट. बदली होऊन नव्या क्वार्टरमध्ये गेलात, तर सामान लावण्याआधी एकदा रांगून बघा.