लपवलेली डबी हरवू नये म्हणून



मुलांना वस्तू जपायला कशी शिकवायची, हा प्रश्न आपल्या सगळ्यांचाच आहे. स्वतःची वस्तू मुलं जपतात. पण जी वस्तू सगळ्यांची आहे, जिच्यावर कुणाचीच नजर नाही, ती जपायला शिकवणं अवघड. आमच्या रविवारच्या मराठी शाळेत हा धडा एका खेळातून आला, म्हणून हा लेख. आम्ही अमेरिकेत कनेटिकट राज्यात राहतो आणि इथल्या जंगलांत हा खेळ बराच चालतो.

खेळ काय आहे?

याला लेटरबॉक्सिंग म्हणतात. नाव ऐकून टपालपेटी डोळ्यांसमोर येईल, पण ही पेटी लपवलेली असते. एका घट्ट झाकणाच्या डबीत हाताने कोरलेला रबरी शिक्का आणि एक छोटी नोंदवही ठेवायची. डबी रानात, दगडाखाली किंवा झाडाच्या बुंध्याशी लपवायची आणि तिथे पोहोचायच्या खुणा लिहून द्यायच्या. शोधणाऱ्याकडे त्याचा स्वतःचा शिक्का आणि वही असते. डबी सापडली की त्याने आपला शिक्का डबीतल्या वहीत उमटवायचा, डबीतला शिक्का आपल्या वहीत घ्यायचा आणि डबी होती तिथे परत ठेवायची. बक्षीस वगैरे काही नाही. त्या शिक्क्याचा ठसा हीच कमाई!

खेळाचं मूळ इंग्लंडमध्ये, डेव्हन परगण्यातल्या डार्टमूर या माळरानावर. १८५४ मध्ये जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल या दलदलीच्या, आडवाटेच्या जागी एक बाटली ठेवली. जो तिथवर चालत जाईल त्याने आपलं नावाचं कार्ड तिच्यात टाकायचं. पुढे लोक स्वतःचा पत्ता लिहिलेली पोस्टकार्डं ठेवायला लागले. नंतर येणाऱ्याने ती घेऊन जायची आणि टपालात टाकायची. ‘लेटरबॉक्स’ हे नाव त्यावरून पडलं. अमेरिकेत हा खेळ पसरला तो १९९८ मध्ये ‘स्मिथसोनियन’ मासिकात त्यावर लेख आल्यानंतर. कनेटिकट राज्याच्या वनखात्याने तर आपल्या जंगलांत स्वतःच अशा डब्या ठेवल्या आहेत. पाच शोधल्या की चालायची काठी मिळवता येते. आमच्या मुलांना या काठीचंच वेड आधी लागलं.

आमची डबी

चार-पाच डब्या शोधून झाल्यावर मुलं म्हणाली, “ताई, आपण आपली ठेवू या ना!” आठ मुलं, वयं नऊ ते बारा. गावाच्या राखीव जंगलाची देखभाल करणाऱ्यांकडून परवानगी घेतली. शिक्का कोरायचं काम दहा वर्षांच्या एका मुलीने मागून घेतलं. तिला साळुंकी कोरायची होती, आणि खाली एकच अक्षर: ळ. का, तर शाळेतल्या अमेरिकन मैत्रिणींना ते म्हणता येत नाही.

शिक्क्यावर अक्षर उलटं कोरावं लागतं. त्याला एक सोपी युक्ती आहे. कागदावर मऊ पेन्सिलीने सरळ चित्र काढायचं, तो कागद खोडरबरावर पालथा दाबून घासायचा. चित्र आपोआप उलटं उतरतं. तिने तीन खोडरबर वाया घालवले. चौथ्यावर साळुंकी उतरली. कोरायचं पातं अर्थातच तिच्या बाबांच्या नजरेखाली चाललं.

सप्टेंबरमध्ये डबी ठेवली. बर्फ पडेपर्यंत वहीत अकरा अनोळखी शिक्के जमले होते. कुत्र्याचा पंजा, दीपगृह, किटली. एकाने लिहिलं होतं, हे शेवटचं अक्षर मला फार आवडलं, त्याचा उच्चार काय? मुलीने ते वाक्य आजीला फोनवर वाचून दाखवलं.

एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर सगळे गेलो. दगड होता, दगडाखालची खोबणी होती, डबी नव्हती.

संशयितांची यादी

पुढच्या रविवारी मी फळ्यावर लिहिलं: डबी कुठे गेली असेल? पहिलं उत्तर अपेक्षित होतं, “चोर!” मी ते लिहिलं आणि म्हटलं, अजून कोण? मग यादी वाढत गेली. पाणी. जनावर. पडलेलं झाड. जंगल साफ करणारे लोक. आधी शोधून गेलेला माणूस, ज्याने ती दुसरीकडेच ठेवली.

मग एकेकाची उलटतपासणी केली. पाणी? जागा उतारावर उंचावर होती, खोबणीतला पालापाचोळा जिथल्या तिथे होता. जनावर? खार किंवा उंदीर प्लॅस्टिक कुरतडतात हे खरं, पण मग तुकडे सापडले असते. झाड? आसपास एकही पडलेलं नव्हतं. राहिले दोघे. वसंतात लोक रानातला कचरा वेचतात, त्यांना ती डबी कचरा वाटली असेल. किंवा कुणी शोधली आणि खुणेपासून लांब ठेवून दिली. दहा पावलांच्या परिघात आम्ही सगळं पाहिलं, मिळाली नाही. चोर यादीत शेवटी गेला. चोराला हाताने कोरलेल्या खोडरबराचं करायचं काय, असं मुलंच म्हणाली.

उत्तर आजही आमच्याकडे नाही. पण त्या तासाला मुलं हे शिकली की वस्तू नाहीशी होते ती बहुतेक वेळा कुणाच्या वाईट हेतूने नाही, तर कुणाला ती काय आहे हे न कळल्याने किंवा कुणी घाई केल्याने. हे शाळेच्या ग्रंथालयातल्या पुस्तकांनाही लागू आहे, बरं का.

डबा आणि जागा

दुसरी डबी करायची ठरली तेव्हा पालकही उत्साहाने पुढे आले. एका काकूंनी लोणच्याची स्वच्छ धुतलेली बरणी आणली. ती प्रेमाने परत केली, कारण प्लॅस्टिकमध्ये मुरलेला वास आपल्याला येत नाही, पण खारीला आणि रॅकूनला येतो. खाण्याचा वास असलेला डबा रानात टिकत नाही. झाकणाला रबरी कडी असलेला आणि चारही बाजूंनी खटक्याने बंद होणारा डबा घ्यावा. रंग मातीत मिसळणारा असावा. शिक्का एका झिपच्या पिशवीत, वही दुसऱ्या पिशवीत. म्हणजे पाणी शिरलंच तरी दोन्ही भिजत नाहीत. शाईचं पॅड आत ठेवू नये, ते वाळतं किंवा गळतं. प्रत्येकाने आपलं आणावं. पेनाऐवजी पेन्सिल, कारण थंडीत पेन चालत नाही आणि ओल लागली की शाई फुटते.

या वेळी डब्याच्या बाहेर पट्टी लावली: ‘हा कचरा नाही. हा मुलांचा खेळ आहे. पाहा आणि इथेच परत ठेवा.’ मराठीत आणि इंग्रजीत.

जागेबद्दल डार्टमूरच्या लोकांचे नियम शहाणे आहेत. पुरातन अवशेषांत, दगडी वर्तुळांत, भिंतींत किंवा पडक्या घरांत डबी ठेवायची नाही. धोक्याच्या जागी ठेवायची नाही. सिमेंट लावून पक्की करायची नाही. इथे न्यू इंग्लंडच्या रानात जुन्या शेतांच्या दगडी भिंती जागोजागी आहेत आणि त्यांच्यात डबी सरकवायचा मोह होतो. पण शोधणारा एकेक दगड काढायला लागला की भिंतच ढासळते. म्हणून सुटा मोठा दगड किंवा जिवंत झाडाचं बूड बरं. पायवाटेवरून दिसू नये, पण तिथे जाताना झाडोरा तुडवला जाऊ नये, इतपत अंतरावर.

सापडल्यावर परत ठेवणं

माझ्या मते खेळाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. शोधण्याच्या आनंदात मुलं धावत सुटतात आणि डबी कशीबशी कोंबली जाते. आम्ही क्रम ठरवला आणि तो मुलांनी पाठ केला:

१. हात घालण्याआधी थांबा. वाटेवर कुणी येतंय का पाहा.
२. डबी कशी ठेवली आहे ते नीट बघा: झाकण कुठे, वर दगड कोणता, पानं किती.
३. डबी घेऊन थोडं लांब जाऊन बसा. शिक्के तिथे मारा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला जागा कळत नाही.
४. शाई वाळली की वही मिटा. पिशवीतली हवा काढून झिप लावा. झाकणाच्या कडेवरून बोट फिरवा.
५. होती तशीच ठेवा. जास्त छान नको.
६. वाटेवर परत येऊन मागे वळून बघा. दिसते का?

पाचव्या नियमावर मुलं हसली, पण त्यात अर्थ आहे. दगडांची नीटस रास रानात कधी नसते. कुणी तशी रचली की ती लांबून ओरडून सांगते, ‘इथे काहीतरी आहे!’

खुणा आणि सामान्यरूप

आता आपल्या विषयाकडे येते. खुणा चुकीच्या लिहिल्या तर शोधणारा वैतागून आसपासचे सगळे दगड उलथतो आणि डबी उघडी पडते. म्हणजे डबी वाचवायची तर भाषा नेमकी हवी. मराठीच्या शिक्षकाला याहून चांगलं निमित्त काय मिळणार?

मी मुलांना नुसते शब्द दिले: दगड, ओढा, पूल, भिंत, खोड, फांदी. आणि पुढे जोडायला खाली, मागे, पलीकडे, जवळ. ‘ओढापलीकडे’ की ‘ओढ्यापलीकडे’? ‘पूलखाली’ की ‘पुलाखाली’? एरवी सामान्यरूप म्हटलं की मुलांचे चेहरे पडतात. इथे मात्र ती भांडली, कारण खूण त्यांच्या डबीची होती. ‘दगडाखाली’ आणि ‘दगडामागे’ यांतला फरक तर त्यांनी चिखलात गुडघे टेकून शिकला.

आणखी प्रश्न निघाले. वीस पावलं, पण कुणाची? बाबांची की नऊ वर्षांच्या मुलाची? मग ठरलं की पावलं कमी वापरायची आणि न हलणाऱ्या खुणा जास्त. वाळलेलं झाड, पडलेला ओंडका ही खूण नव्हे. पुढच्या वर्षी तो नसेल. होकायंत्रातही एक गंमत आहे. आमच्या भागात सुई खऱ्या उत्तरेपासून सुमारे १३ अंश पश्चिमेला झुकते. महाराष्ट्रात हा फरक एका अंशाहूनही कमी, म्हणून आपल्याला लहानपणी कुणी तो सांगितला नाही. इथे नकाशा वापरताना तो सोडून दिला तर शंभर पावलांवर वीसेक पावलांची चूक होते.

कुलूप लावायचं का?

पालकांच्या बैठकीत एका बाबांनी सुचवलं की डब्याला छोटं कुलूप लावू, आकडा खुणेत देऊ. दुसऱ्यांनी फोनवर ठिकाण दाखवणारं यंत्र आत ठेवायला सांगितलं. त्यांचं चुकीचं नव्हतं. मुलीचं मन मोडलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. दोन रविवार तिने पातं हातात घेतलं नव्हतं.

शेवटी तिलाच विचारलं. ती म्हणाली, “कुलूप लावलं तर कुत्रेवाले येतील का?” पंजाचा शिक्का असलेल्या माणसाला ती कुत्रेवाले म्हणते. मग स्वतःच म्हणाली, “ते चुकून भेटलं तरी उघडता आलं पाहिजे.” कुलूप राहिलं. बाबांनीही हट्ट धरला नाही.

त्याऐवजी आम्ही नुकसान कमी होईल असं पाहिलं. नव्या शिक्क्याचे चार ठसे शाळेच्या फाइलमध्ये ठेवले. प्रत्येक भेटीत वहीच्या पानांचे फोटो काढतो. आणि पाळी लावली आहे: दर दीड-दोन महिन्यांनी एक कुटुंब जाऊन डबी बघून येतं, बर्फ वितळल्यावर आणि पानगळीनंतर नक्की. ज्या दिवशी ही पाळी चालवणं जमणार नाही त्या दिवशी डबी काढून घरी आणायची, हेही ठरलं आहे. कुणी न बघणारी डबी म्हणजे रानातलं प्लॅस्टिक.

नवा शिक्का तिनेच कोरला. साळुंकी नाही, या वेळी मुंगळा आहे. ळ आहेच.

तुमच्याकडे करायचं असेल तर

महाराष्ट्रात हा खेळ शाळेच्या आवारात किंवा कुणाच्या शेतात, मालकाला विचारून करा. गड-किल्ले, लेणी, देवळं नकोत. स्टेशन, बसस्टँड, बाजार, पूल इथे तर अजिबात नको. बेवारस डबा दिसला की लोक घाबरतात आणि ते बरोबरच आहे. सापाविंचवाची भीती असते तिथे बिळात, कपारीत हात घालायला लागेल अशी जागा निवडू नका. पावसाळ्यात डबी आत आणा.

पहिल्या दिवशी एवढंच करा. प्रत्येक मुलाला एक खोडरबर द्या आणि स्वतःचं चिन्ह कागदावर काढायला सांगा. कोरणं मोठ्यांच्या देखरेखीखाली, दुसऱ्या दिवशी. तिसऱ्या दिवशी एका वर्गाने डबी लपवावी आणि दुसऱ्या वर्गासाठी मराठीत सहा वाक्यांत खुणा लिहाव्यात. शोधणाऱ्या वर्गाला गुण द्यायचेच असतील तर शोधण्याला देऊ नका. डबी किती नीट परत ठेवली, त्याला द्या. आणि आठवड्याने जाऊन ती तिथे आहे का, हे मुलांनाच बघून यायला सांगा.