धोंड्याचा महिना, वेलिंग्टन

संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांची मागणी साधी होती. "इतकी वर्षं न्यूझीलंडमध्ये दुभाष्याचं काम करताय, चार गमती लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं." मी हो म्हटलं आणि दोन महिने कागद तसाच पडून राहिला. गमतींचा विषय निघाला की मला एकच प्रसंग आठवतो, आणि तो आठवला की आजही जेवण गोड लागत नाही.

2023 चा जुलै संपत आला होता. वेलिंग्टनमध्ये तो ऐन हिवाळा. एका रुग्णालयात स्मरणशक्तीच्या तपासणीसाठी मराठी दुभाषी हवी म्हणून मला बोलावलं होतं. रुग्ण वाईकडचे, निवृत्त शिक्षक, वय ऐंशीच्या घरात. लेकीकडे कायमचे राहायला आलेले. जावयाने गाडीतून आणून सोडलं होतं आणि तो बाहेर बसला होता. आत डॉक्टर, गुरुजी आणि मी.

इथे अशा तपासणीला 'मिनी-एसीई' नावाची 30 गुणांची चाचणी वापरतात. सुरुवातीला वार, तारीख, महिना, वर्ष विचारतात. मग प्राण्यांची नावं, घड्याळाचं चित्र, एक नाव आणि पत्ता लक्षात ठेवणं. गुरुजींनी वार बरोबर सांगितला, तारीख बरोबर सांगितली. महिना विचारल्यावर डॉक्टरांकडे शांतपणे बघत म्हणाले, "धोंड्याचा चाललाय. यंदा वाण मात्र सासऱ्याच्याच पदरात पडतंय."

चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

मराठी वाचकाला यातलं काही समजावून सांगायला नको. धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीने जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. इथे म्हातारा सासरा जावयाच्या घरी राहतो, त्याच्या ताटात जेवतो, त्याच्या गाडीतून दवाखान्यात येतो. परावलंबी झाल्याचं सगळं दुःख आणि जावयाबद्दलची कृतज्ञता त्यांनी दोन वाक्यांत घातली होती, आणि वर ती गंमत म्हणून दिली होती.

मी इंग्रजीत सांगितलं : "दगडाचा महिना चालू आहे. यंदा भेटवस्तू सासऱ्याला मिळते आहे."

डॉक्टरांनी मायेने मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. गुरुजींनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझा चेहरा कोरा होता. पुढची सगळी उत्तरं त्यांनी एकेका शब्दात दिली.

संध्याकाळी घरी आले, चहा ठेवला आणि भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे लक्ष गेलं. अधिक श्रावण. 18 जुलै ते 16 ऑगस्ट. गुरुजींनी महिना बरोबरच सांगितला होता, आपल्या पंचांगाने.

आता माझ्या विषयाकडे येते. तो लोकांना वाटतो तसा शब्दकोशाचा विषय नाही. समोरचा जे बोलतो ते कशासाठी बोलतो, हे कसं ओळखायचं, याचं एक शास्त्र आहे आणि विनोदाच्या बाबतीत त्यातलं फार महत्त्वाचं काम न्यूझीलंडमध्येच झालं आहे. जेनिफर हेय यांनी वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात शिकत असताना इथल्या मित्रमैत्रिणींच्या 18 गटांच्या गप्पा ध्वनिमुद्रित करून तपासल्या. 2001 साली त्यांचा एक लेख आला. त्याचा विषय विनोद करणाऱ्याचा नव्हता, ऐकणाऱ्याचा होता. विनोदाला दाद कशी दिली जाते, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी पायऱ्या मांडल्या : आधी हा विनोद आहे हे ओळखणं, मग तो समजणं, मग तो आवडणं. वरच्या पायरीवर असलेला माणूस खालच्या पायऱ्या चढून आलेला असतो, म्हणून हसणाऱ्याला "समजला का" असं विचारावं लागत नाही. पण खालच्या पायरीवरून वर गेलंच पाहिजे असंही नाही. विनोद ओळखूनही तो समजत नाही, समजूनही आवडत नाही, असं रोज घडतं.

लोक इथे एक चूक करतात. हसू म्हणजेच दाद, असं धरून चालतात. हेय यांच्या नोंदींत दादीचे कितीतरी प्रकार आहेत : त्याच सुरात आपली भर घालणं, समोरच्याचे शब्द पुन्हा उच्चारणं, नुसतं लक्ष देऊन ऐकत राहणं. कोणी स्वतःलाच कमी लेखून विनोद केला तर त्याला हसणं उलट दुखावणारं ठरू शकतं. तिथे "छे, असं कसं" हीच दाद. उपरोधाला तर कधी कधी उपरोधानेच उत्तर मिळतं. 2003 मध्ये साल्व्हातोरे अटार्डो, जोडी आयस्टरहोल्ड, इझाबेला पॉज्जी आणि याच जेनिफर हेय अशा चौघांनी उपरोधाच्या खुणांवर लिहिलं. त्यात आवाजाच्या चढउताराबरोबर एक खूण त्यांनी वेगळी काढून दाखवली : कोरा चेहरा. मुद्दाम निर्विकार ठेवलेला चेहरा हीच ओळखीची चिठ्ठी असते. अर्थात ती वाचता येणाऱ्यालाच.

गुरुजींचा चेहरा कोरा होता, कारण ते विनोद करत होते. माझा कोरा होता, कारण मी नियम पाळत होते. खोलीत पहिल्या दोन पायऱ्या चढलेली मी एकटीच होते, आणि मीच काही दिसू दिलं नाही.

हा प्रसंग सांगितला की आपले लोक लगेच म्हणतात, "गोऱ्यांना आपला विनोद कळत नाही." हे ऐकलं की मला राग येतो. न्यूझीलंडसारखा कोरडा विनोद करणारे लोक जगात थोडे असतील. पामर्स्टन नॉर्थ या शहरात 1948 साली जन्मलेल्या जॉन क्लार्क यांनी सत्तरच्या दशकात गमबूट आणि काळी बनियन घातलेला फ्रेड डॅग नावाचा शेतकरी टीव्हीवर आणला आणि अख्ख्या देशाला आपला आवाज सापडला. 1977 मध्ये ते ऑस्ट्रेलियाला गेले. तिथे ते मुलाखतीत राजकारण्यांची सोंगं घेत, पण ना वेश, ना नक्कल. आपल्याच आवाजात, आपल्याच चेहऱ्याने मंत्री बनून बसत. अभ्यासकाला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही : बाहेरची प्रत्येक खूण काढून टाकली तरी विनोद उरतो. 1975 ते 1984 पंतप्रधान असलेले रॉबर्ट मुलडून यांच्या नावावर तर एक वाक्य अजून सांगतात, की आपले लोक ऑस्ट्रेलियाला स्थलांतर करतात तेव्हा दोन्ही देशांची सरासरी बुद्धिमत्ता वाढते.

आणि मराठी माणसाला तरी हा प्रकार कुठे नवा आहे? रत्नागिरीचा अंतू बर्वा आपल्याला परका नाही. आमच्या साताऱ्याकडे पोटभर जेवून उठलेला पाहुणा "खाण्यासारखं झालं होतं" म्हणतो आणि यजमानीण खूश होते. इथला किवी त्याच जागी "नॉट बॅड" म्हणतो. दोघांच्या शब्दकोशात याहून मोठी स्तुती नाही. मग दोन कोरडी माणसं समोरासमोर आली की गाडी अडते कुठे?

इतक्या वर्षांच्या कामातून माझं निरीक्षण असं आहे. मराठीत तिरकसपणाची खूण बरेचदा एखाद्या चिमुकल्या शब्दात असते. "साहेब लवकर येणार म्हणे." त्या 'म्हणे'त सगळा अविश्वास येतो. "हो का?" मधला 'का' ओढला की झालं. रोज अरे-तुरे करणाऱ्या माणसाला एकदम "या, बसावं आपण" म्हटलं की त्याला बरोबर कळतं. न्यूझीलंडच्या इंग्रजीत आदरार्थी बहुवचन नाही, 'म्हणे'सारखा शेपटीचा शब्द नाही. तिथे विनोद ओळखायचा तो प्रसंगावरून. दोघांनाही माहीत असलेलं सत्य आणि बोललेलं वाक्य यांत अंतर पडलं, की तोच विनोद. म्हणून आपला माणूस जो शब्द ऐकायला टपलेला असतो तो तिथे येतच नाही, आणि त्यांना आपला 'म्हणे' ऐकूच जात नाही.

ओळखीतल्या एका तरुण इंजिनियरची गोष्ट सांगते. नोकरीचा दुसरा महिना. सकाळी आठला आलेला हा मुलगा संध्याकाळी पाचला पिशवी उचलून निघाला. पडद्यावरची नजर न काढता साहेब म्हणाला, "आज अर्धा दिवस का?" मुलगा हादरला. माफी मागितली, सकाळी आठला पाठवलेली ईमेल दाखवली आणि पुन्हा खुर्चीत बसून सातपर्यंत काम केलं. साहेबाला काय झालं ते कळेना, त्यानेही विषय काढला नाही. असं तीनदा घडल्यावर गणपतीच्या आरतीनंतर त्या मुलाने मला हळूच विचारलं, "ताई, माझी नोकरी जाणार का हो?" मी सांगितलं, तो तुला आपल्यात घेतोय. परक्याशी कोणी असं बोलत नाही. पुढच्या वेळी तूही कोऱ्या चेहऱ्याने सांग, "हो, उरलेला अर्धा सोमवारी करतो." त्याने सांगितलं. साहेब हसला नाही, नुसता "हं" म्हणाला. त्या "हं"नंतर दोघांचं बोलणं सुरू झालं ते आजवर चालू आहे.

व्हिक्टोरिया विद्यापीठात जॅनेट होम्स यांच्या पुढाकाराने 1996 पासून कामाच्या ठिकाणच्या भाषेचा अभ्यास चालू आहे. सरकारी कचेऱ्यांपासून कारखान्यांपर्यंतची खरी बोलणी त्यात नोंदली गेली. हुकूम मऊ करायला, वरिष्ठाला टोचायला, संघ बांधायला विनोद कसा वापरतात ते त्यातून दिसलं. बाहेरून आलेल्या कुशल माणसाचं घोडं व्याकरणात अडत नाही, इथे अडतं. हे मी आपल्या मंडळींना सांगते तेव्हा ते उच्चार सुधारण्याचे वर्ग विचारतात.

आता ज्या वादात मी गेली काही वर्षं अडकले आहे त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. आमच्या व्यवसायाचा पहिला नियम : भर घालायची नाही, गाळायचं नाही. रुग्ण "मी" म्हणाला की आम्हीही "मी" म्हणायचं. न्यूझीलंडमध्ये दुभाषी आणि अनुवादकांची संस्था 1985 पासून आहे आणि अचूकपणा व तटस्थता हे आमच्या आचारसंहितेचे खांब आहेत. मला ते मान्य आहेत. वाद आहे तो 'अचूक' कशाला म्हणायचं यावर. एक पक्ष म्हणतो, शब्द पोहोचवा, सूर ओळखणं ऐकणाऱ्याचं काम. मी दुसऱ्या पक्षाची. गंमत म्हणून बोललेलं वाक्य साधं विधान म्हणून पोहोचवलं तर तो चुकीचा अनुवाद आहे, मग शब्द कितीही बरोबर असोत. सुसन बर्क-सेलिगसन यांनी 1990 मध्ये अमेरिकी न्यायालयांतल्या दुभाष्यांवर पुस्तक लिहिलं. साक्षीदाराच्या स्पॅनिशमधलं आदबीचं बोलणं दुभाष्याने इंग्रजीत गाळलं, तर ऐकणाऱ्यांचं साक्षीदाराबद्दलचं मत खाली जातं, हे त्यांनी प्रयोगाने दाखवलं. आदब जर आशयाचा भाग असेल, तर तिरकसपणा का नाही?

समोरच्या पक्षाचा सगळ्यात भक्कम मुद्दा मला ठाऊक आहे, कारण त्या दिवशी त्यानेच मला गप्प बसवलं. स्मरणशक्तीच्या चाचणीत दुभाषी एक शब्द जास्त बोलला तर ती रुग्णाला मदत ठरते, चाचणीच फुकट जाते. हे खरं आहे. मी "हा विनोद आहे आणि महिना बरोबर आहे" असं सांगितलं असतं तर उत्तरपत्रिका मीच तपासल्यासारखं झालं असतं. शिवाय विनोदी बोलणारा माणूस विसरभोळा नसतोच, असंही नाही. तो निर्णय डॉक्टरांचा.

पण त्यावर वाट आहे, आणि गुरुजींनंतर मी ती प्रत्येक वेळी वापरते. शब्दांचा अनुवाद करते, थांबते आणि म्हणते : "दुभाषी म्हणून सांगते, बोलण्याचा सूर गमतीचा वाटतो आणि त्यात पंचांगातल्या एका महिन्याचा उल्लेख आहे. हवं तर रुग्णालाच विचारा." याला दहा-बारा सेकंद लागतात. उत्तर रुग्ण देतो, गुण डॉक्टर ठरवतात, मी मधून बाजूला होते. काही डॉक्टर खांदे उडवतात. बरेचसे पेन खाली ठेवून पुन्हा विचारतात.

गुरुजींना तेव्हा किती गुण मिळाले, पुढे काय निदान झालं, मला माहीत नाही. तपासणी संपली की आमचा संबंध संपतो, चौकशी करण्याचा अधिकार नसतो. दारापाशी त्यांनी मला हात जोडले आणि शुद्ध मराठीत "आभारी आहे" म्हणाले. त्यात कुठलाही तिरकसपणा नव्हता.

न्यूझीलंडमध्ये आईवडिलांना दवाखान्यात नेणाऱ्या मराठी मुलामुलींना एवढंच सांगायचं आहे. 1996 च्या रुग्णहक्क संहितेतला पाचवा हक्क नीट संवादाचा आहे. गरज असेल आणि व्यवहारात शक्य असेल तिथे सक्षम दुभाषी मिळणं त्यातच येतं. भेटीची वेळ ठरवतानाच दुभाषी मागा. जावयाला, सुनेला, नातवाला त्या खुर्चीत बसवू नका. त्यांच्यादेखत म्हातारी माणसं खरं बोलत नाहीत. आणि आत जाण्याआधी डॉक्टर आणि दुभाषी दोघांनाही सांगून ठेवा, आमचे बाबा न हसता थट्टा करतात.