भरणारे आणि उघडणारे

आमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात वडिलांच्या व्यवसायाचा एक रकाना असतो. उरण-पनवेल पट्ट्यातल्या उर्दू शाळेत तो भरायला फारसा वेळ लागत नाही. ड्रायव्हर, मच्छीचा धंदा, आखातात नोकरी, आणि बाकी सगळे मजदूर. या मजदुरांपैकी पुष्कळजण न्हावा-शेवा बंदराभोवतीच्या गोदामांत कंटेनर भरतात. भरण्याला ते ‘स्टफिंग’ म्हणतात, आणि आतला माल हलू नये म्हणून जखडण्याला ‘लॅशिंग-चोकिंग’. मुलंही हे शब्द घरचेच असल्यासारखे बोलतात.

आमचे मामू या कामातले सुतार. त्यांचे वडील, म्हणजे आमचे नाना, मालवाहू जहाजावर खलाशी होते. आपल्या कोकणातल्या कित्येक मुसलमान घरांची रोजी अशीच समुद्रातून आली. खलाशी, सारंग हे शब्दही अरबी-फारसीतून आले, आणि साहेबाने ‘लश्कर’चा ‘लास्कर’ केला. नानांच्या काळात गोणी, पेट्या, पिंपं सुटीच जहाजाच्या पोटात रचत. वादळ आलं की खाली उतरून दोर पुन्हा आवळता येत. 1956 साली अमेरिकेत माल्कम मॅकलीन यांनी 58 पेट्या एका जहाजावर चढवून पाठवल्या आणि तिथून हे सगळं बदलत गेलं. 1989 साली आमच्या दारात न्हावा-शेवा सुरू झालं. आता दरवाजाला सील लागलं की मुक्कामाला पोचेपर्यंत आत कोणी पाहत नाही. वादळाचा बंदोबस्त कोरड्या जमिनीवरच करून ठेवायचा. मामूंनी जहाजावर पाय ठेवलेला नाही, पण त्यांच्या पाचरी दुनियाभर फिरून आल्या आहेत.

काम पाहायला सोपं वाटतं. जड माल खाली, हलका वर. वजन सगळ्या फरशीवर पसरायचं. निम्म्या लांबीत साठ टक्क्यांपेक्षा जास्त नको, नाहीतर क्रेनला पेटी तिरपी लटकते. पिंपांच्या दोन थरांमध्ये प्लायवूड. फरशी लाकडी असते, म्हणून तिच्यावर ठोकळे खिळ्यांनी ठोकता येतात. पॅलेटच्या मधल्या फटीत जाड कागदाची पिशवी घालून कॉम्प्रेसरने हवा भरतात. ती पिशवी दरवाजाला मात्र टेकवायची नाही, उघडणाऱ्याच्या तोंडावर दरवाजा आदळतो. लाकडाचेही लाड आहेत. परदेशी कीड जाऊ नये म्हणून ते 56 अंशांवर तीस मिनिटं तापवलेलं लागतं आणि त्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का लागतो. मामू म्हणतात, आमच्या फळीला व्हिसा मिळतो, आम्हाला मिळत नाही.

त्यांचं खरं भांडण मालाशी नसतं, रिकाम्या जागेशी असतं. वीतभर फट राहिली की माल तेवढाच धावतो आणि धावला की वजनाने मारतो.

7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ दुसऱ्या जहाजाला धडकून कलंडली, कंटेनर पाण्यात पडले, तेव्हा सगळ्या पेपरांत फोटो आले. बंद पेटीच्या आत जे कोसळतं त्याचा फोटो कुठे येत नाही. तरी एक आला होता, मामूंच्या मोबाइलवर. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात इथून गेलेल्या एका कंटेनरचा दरवाजा आखातातल्या एका बंदरात उघडला आणि पिंपं बाहेर कोसळली. उघडणाऱ्या मजुराचा हात चिरडला. ठेकेदाराने इथल्या भरणाऱ्या टोळीला पंधरा दिवस घरी बसवलं. लाकूड कमी पडतंय हे मामूंनी भरतानाच सांगितलं होतं. पण तोंडी सांगितलं होतं. कंटेनरच्या कागदावर मालकाचं नाव असतं, सीलचा नंबर असतो, 1 जुलै 2016 पासून तपासलेलं वजनही असावं लागतं. पाचर कोणी ठोकली आणि त्याला किती लाकूड दिलं, हे त्या कागदांत आम्हाला कुठे दिसलं नाही.

त्या पंधरा दिवसांत मजुरी बुडाल्याचं मामू फारसं बोलले नाहीत. ‘तो कोण होता, ते कोणी सांगेना,’ एवढंच दोन-तीनदा म्हणाले. आम्हाला आमचं रजिस्टर आठवलं. आमच्याच वर्गात एका बाकावर दोन मुलं बसतात. एकाचे अब्बा इथे पेट्या भरतात, दुसऱ्याचे दुबईला उघडतात.

एका संध्याकाळी मामूंनी विचारलं, ‘मास्तर, तुझ्या किताबात याचं काही आहे का रे?’ होतं. नववीच्या उर्दू सायन्समध्ये ‘जुमूद’ आहे, मराठीत जडत्व. आहे त्या अवस्थेत राहण्याचा वस्तूचा स्वभाव. संयुक्त राष्ट्रांच्या तीन संस्थांनी 2014 साली मिळून काढलेली कंटेनर भरण्याची संहिता आम्ही मिळवली आणि मामूंबरोबर हिशेबाला बसलो. फार खवळलेल्या समुद्रात मालावर आडवा जोर त्याच्या वजनाच्या 0.8 पट धरायचा. वीस टन माल असेल तर सोळा टन. प्लायवूडच्या फरशीवर लाकडी पॅलेटची रगड 0.45 पट, म्हणजे नऊ टन ती अडवते. उरले सात टन. फरशीकडची एक कडी सोसते साधारण एक टन. मामूंनी बोटांवर कड्या मोजल्या. मग म्हणाले, ‘म्हणजे नुसत्या पट्ट्यांनी भागत नाही. फट भरायलाच पाहिजे. लाकूड पाहिजेच.’ तीस वर्षं हाताला माहीत होतं तेच आकड्यांनी सांगितलं, याचा त्यांना केवढा आनंद!

हाच हिशेब आम्ही नववीच्या फळ्यावर घातला. एरवी जुमूद म्हटलं की जांभया देणारी पोरं त्या दिवशी भांडत होती. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, ‘सर, पावसात फरशी ओली झाली तर रगड कमी होईल?’ लाकडाला लाकूड असेल तर संहितेत तोच आकडा आहे, पण तेल सांडलं किंवा धूळ असेल तर भरवसा नाही, म्हणून आधी झाडू मारायचा. तिने वहीत ‘झाडू’ लिहून खाली रेघ ओढली.

मामूंनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि कामावर ठेकेदाराला दाखवला. ठेकेदाराने उलटसुलट करून पाहिला, कोणी लिहिलं ते विचारलं. त्या दिवशी टोळीला चार फळ्या जास्त मिळाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा पूर्वीइतक्याच. मामूंनी कागद पुन्हा काढला.